जायफळाशिवाय

इरफान म्हणाला, मावशी,
टेकडी चढायच्या आधी चाळीस मिनिटं
एक कप काळी कॉफी. दूध नको, साखर नको.
मी विचारलं, आणि जायफळ?
तो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला.

विनोद नव्हता.
आमच्या घरात कॉफी म्हणजे जायफळ,
सहाणेवर दोन वळसे, वर मोजून अर्धा,
आणि दूध इतकं
की कॉफीनं आपला रंग विसरावा.
एकादशीला, तापातून उठल्यावर,
गणिताचा पेपर अवघड गेला त्या रात्री.
आई म्हणायची, घे, डोकं शांत होईल.
व्हायचं. उशीला टेकायच्या आत व्हायचं.
कॉफीनं माणूस जागा राहतो
हे मला कळलं बाविसाव्या वर्षी,
टेलिफोन एक्स्चेंजच्या रात्रपाळीत.

तिथे ती पावणेतीनला यायची, पत्र्याच्या किटलीतून,
उकळून उकळून कडू झालेली.
कानाला हेडफोन, समोर भोकांची भिंत,
बारामतीला कुणी गेलेलं, नाशकात कुणी जन्मलेलं,
दोघांच्याही माणसांना मी म्हणायची,
थांबा, लाइन देते.
अकरा वर्षं प्यायले ती कॉफी
एका खुर्चीत बसून राहता यावं म्हणून.
पाय होते, पण टेबलाखाली ठेवण्यापुरते.

आता पाचला सहकारनगर अजून काळोखात.
गॅसवर पाणी, एक चमचा पूड.
पहिला घोट
करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा जिभेला चिकटतो.
वासानं हे जागे झाले, पांघरुणातूनच विचारलं,
कोण आलंय?
यांच्या लेखी इतक्या पहाटे कॉफी म्हणजे पाहुणे,
नाहीतर वाईट बातमी.
म्हटलं, आलं नाही कुणी. मीच चाललेय.

मग ती चाळीस मिनिटं.
त्यांच्याबद्दल इरफान काही बोललाच नव्हता.
कप विसळून झाला.
बुटाची नाडी बांधून झाली, सोडून पुन्हा बांधून झाली.
दूध आलं नाही, पेपर आला नाही,
कुणालाच माझ्याकडून काही नको आहे.
कोपऱ्यावरच्या कुत्र्यानं एकदा भुंकून
आपलं मत नोंदवलं.
आणि आत कुठेतरी
एकेक दिवा लागत गेला, बोर्डावर लागायचे तसा.
सवयीनं हात पुढे केला.
पलीकडे कुणी नव्हतं.
बोला, म्हटलं तरीही, हळूच.

तळजईच्या चढावर नलू परचुरे मागे पडली.
ती कोमट पाणी, लिंबू, मध घेते
आणि भेटेल त्याला घ्यायला लावते.
रोज तिच्या पाठीकडे बघत मी वर येते,
तिच्या ब्लाउजची शिवण पाठ झाली आहे मला.
आज थांबायला हवं होतं, मैत्रीण आहे.
पण मांड्यांतून काहीतरी सुटलं होतं
आणि ते माझं ऐकेना.
झाडीत मोर ओरडला. छाती धाडधाड.
ही कॉफी की दुसरंच काही,
अठ्ठावन्नाव्या वर्षी हे विचारायला हवं,
विचारलंही,
उत्तर येईतो वर पोचले होते.

खाली खुटवडांच्या गाडीवर नेहमीचा दुधीचा रस.
ताई, आज घाम लई?
म्हटलं, कॉफी घेऊन गेले होते.
त्यानं पुढे केलेला ग्लास मागे घेतला.
कॉफीवर दुधी चालत नाही.
किती वेळ?
दोन तास.
पुण्यात रस विकणाऱ्याकडेही शास्त्र असतं,
आणि ते मोडून पैसे मिळत असले तरी तो मोडत नाही.
नलू आली, माझा ग्लास प्यायली,
माझ्याशी बोलली नाही.

रात्री एकला जाग आली. पोटऱ्या ठणकत होत्या.
दूध ठेवलं, सहाण काढली. दोन वळसे.
यांनी विचारलं, आता कोण आलं?
पाय, म्हटलं,
आणि वरचा अर्धा वळसा
मोजून घातला.